विचारा तर खरं : ड्रॅगनची भावकी

प्रश्न : आमच्या आखाड्यावर विहिरीजवळ घोरपड दिसते. कोमोडो ड्रॅगन तिचाच भाऊ का? ती चावली की माणूस वाचत नाही म्हणतात, खरं का?
– सातवीतला वाचक, कळंब

उत्तर : सख्खा नाही, पण भावकीतला नक्की. दोघंही ‘व्हॅरॅनस’ प्रजातीचे (इंग्रजीत जीनस), जाती मात्र वेगळ्या. इंडोनेशियातला कोमोडो 3 मीटरपर्यंत वाढतो, वजन 70 किलोच्या आसपास. आपली घोरपड शेपटीसकट फार तर पावणेदोन मीटर.

ती चालताना जीभ का काढते, ते नीट बघ. जीभ पुढून दुभंगलेली असते. हवेतले वासाचे कण तिच्यावर चिकटतात आणि टाळूतल्या वास ओळखणाऱ्या इंद्रियाकडे जातात. डाव्या टोकाला वास जास्त लागला, की घोरपड डावीकडे वळते. कोमोडोला मेलेलं जनावर काही किलोमीटरवरून कळतं, ते असंच.

आता चाव्याचं. कोमोडोच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी असतात, हे 2009 साली संशोधकांनी दाखवून दिलं. त्या विषामुळे भक्ष्याचं रक्त गोठत नाही, रक्तदाब उतरतो. घोरपडीला नागासारखे विषदात नसतात. पण ती धरलं की लवकर सोडत नाही, आणि जखम चिघळते. चावलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धू आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठ. हळद-चुना भरत बसू नका.

बहुतेक चावे माणसाने तिला कोपऱ्यात गाठल्यावरच होतात. घरात शिरली तर दार उघडं ठेवून बाजूला व्हा. शेपटीचा फटकाही जोरात बसतो. सिमेंटच्या गुळगुळीत विहिरीत पडली तर तिला चढता येत नाही. तिथे बाभळीची जाड फांदी किंवा शिडी तिरकी सोडा. जमत नसेल तर वनविभागाचा 1926 क्रमांक आहे. उंदीर, किडे, हुमणीचे भुंगेरे खाणारं हे जनावर शेतकऱ्याच्या फायद्याचंच. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, त्यामुळे मारणाऱ्याला किमान 3 वर्षं कैद.

प्रश्न : गोष्टीतल्या ड्रॅगनसारखा खरोखर आग ओकणारा प्राणी आहे का?
– पाचवीतली वाचक, परतूर

उत्तर : आग नाही, पण उकळता फवारा मारणारा आहे, आणि तो जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा! बॉम्बार्डिअर भुंगेरा. त्याच्या पोटात मागच्या बाजूला दोन कप्पे असतात. एकात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही रसायनं, दुसऱ्यात विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारे पदार्थ. धोका दिसला की पहिल्यातलं द्रावण दुसऱ्यात ढकललं जातं, तिथे उष्णता आणि वायू तयार होतो, आणि 100 अंशांजवळचा फवारा ‘फट’ आवाज करत सुटतो. भारतातही हे भुंगेरे आहेत, ओलसर जागी दगडाखाली. दगड उलटताना बोटं घालू नकोस. फवारा लागला तर चटका बसतो, कातडीवर तपकिरी डाग पडतो. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

प्रश्न : आणि पंखांचा?
– तिचाच धाकटा भाऊ

उत्तर : ड्रॅको सरडा. लांब फासळ्यांवर ताणलेली कातडी पसरून तो झाडावरून झाडावर तरंगत जातो. पंख फडफडवता येत नाहीत, त्यामुळे उतरणं नेहमी खालच्या बाजूलाच. मराठवाड्यात सापडायचा नाही. गोवा, कर्नाटक, केरळातल्या दाट झाडीत आणि सुपारीच्या बागांत बघ.