‘मॅडम, माझ्या तोंडून चुकीचं निघालं तर?’

शाळेतल्या बालसुरक्षेच्या प्रशिक्षणात खरा प्रश्न कधीच सभागृहात विचारला जात नाही. तो येतो नंतर, चहा-पोह्यांच्या वेळी. एखादी शिक्षिका बशी हातात घेऊन जवळ येते, इकडेतिकडे बघते आणि विचारते, “मॅडम, मूल खरंच काही सांगायला आलं आणि माझ्या तोंडून चुकीचं निघालं तर?”

नागपुरात महाल भागातल्या जुन्या शाळेत हाच प्रश्न, वर्धा रोडवरच्या नव्या शाळेत हाच आणि हिंगण्याकडच्या आश्रमशाळेतही हाच. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची बातमी आली, त्यानंतर तर तो फार वेळा ऐकू यायला लागला. शाळांनी कॅमेरे बसवले, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असणाऱ्या सखी सावित्री समितीची नावं फलकावर लागली. ही समिती तशी २०२२ च्या शासन निर्णयापासूनच असायला हवी होती. पण कॅमेऱ्याला मूल काही सांगत नाही. ते सांगतं बाईंना, सरांना, कधी मावशींना. आणि ज्यांना सांगायचं, तीच माणसं धास्तावलेली.

या प्रश्नाचं उत्तर मला एका शिक्षिकेमुळे सापडलं. त्यांना इथे वंदनाताई म्हणते. ओळख पटू नये म्हणून नावासोबत बाकीचे तपशीलही बदलले आहेत.

वंदनाताई सहावीच्या वर्गशिक्षिका, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली. त्यांच्या शाळेत मी प्रशिक्षण घेतलं होतं, त्यानंतर दोनेक आठवड्यांनी त्या धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर आल्या. तक्रार झोपेची. रात्री तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. घरच्यांनी साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली. पहिल्या दोन भेटींत आम्ही शाळेतल्या ऑनलाइन माहितीबद्दल, सर्वेक्षणांबद्दल, सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोललो. मी घाई केली नाही. माणूस दारापर्यंत आला की आत यायला त्याला वेळ लागतो, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे.

तिसऱ्या भेटीत त्या एकदम म्हणाल्या, “माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत टेबलापाशी आली होती. म्हणाली, ‘मॅडम, ऑटोवाले काका मला रोज पुढे बसवतात. मला पुढे नाही बसायचं.’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“‘मग मागे बस ना. घरी बाबांना सांग.’ आणि वह्या गोळा करायला लागली.”

“त्या क्षणी मनात काय आलं होतं?”

“काही नाही. वह्या तपासायच्या होत्या.”

“मनात काहीच आलं नसतं, तर झोप कशाने गेली?”

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तो पार कोपऱ्यापर्यंत गेला. मग वंदनाताई हळू आवाजात बोलल्या. “तिनं ‘पुढे’ म्हटलं ना मॅडम, तेव्हाच मला कळलं होतं. कळलं म्हणूनच मी वह्या उचलल्या.”

हे वाक्य मी त्या दिवशी घरी घेऊन गेले. तोवर माझी समजूत अशी होती की, शिक्षकांना लक्षणं ओळखता येत नाहीत. त्यामुळे प्रशिक्षणातला निम्मा वेळ मी त्यावरच घालवायची: मूल गप्प होतं, अभ्यासात मागे पडतं, ठरावीक माणसाला टाळतं, पोटदुखीचं कारण काढून घरी राहतं. वंदनाताईंना यातलं सगळं ठाऊक होतं. एकोणीस वर्षं मुलांत काढलेल्या बाईंना मुलाचा आवाज बदललेला कळत नाही, असं होईल का? त्यांना ऐकू आलं होतं, आणि जे ऐकू आलं त्याने त्या घाबरल्या होत्या. मी मात्र अज्ञानावर औषध देत बसले होते.

भीती कशाची, ते आम्ही कागदावर उतरवलं. ‘पूर्ण खात्री झाल्याशिवाय बोलायचंच नाही.’ ‘खोटं निघालं तर एका गरीब माणसाच्या पोटावर पाय आलाच.’ ‘माझा एक शब्दही चुकताच कामा नये.’ मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे माणसाचे हटवादी विचार तपासून बदलायला मदत करत, काम करते. मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिने मला एक सवय लावली आहे, माणसाच्या बोलण्यातला ‘च’ ऐकण्याची. मी तिन्ही वाक्यांतल्या ‘च’भोवती गोल केले आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

“हे ‘च’ काढून वाचा.”

त्यांनी वाचलं. तिसऱ्या वाक्याशी अडखळल्या. “मग असं होते… माझा शब्द चुकू नये असं मला वाटते. पण चुकू शकते.”

“चुकला तर?”

“तर… पुन्हा बोलता येईल.”

हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच सापडलं. माणसाने स्वतः काढलेलं पाणी त्याला जास्त पुरतं, असा माझा अनुभव आहे.

त्याच बैठकीत मी एक गोष्ट स्पष्ट केली. हे आता या खोलीपुरतं राहू शकत नाही. एखाद्या मुलावर असा प्रसंग येण्याची धास्ती वाटली तरी ती कळवायची जबाबदारी कायद्याने प्रत्येकावर टाकली आहे, माझ्यावरही. “दोन दिवसांत तुम्ही तिच्याशी बोला. नाही जमलं, तर १०९८ वर, मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर, मी फोन करेन.” त्यांना राग येईल असं वाटलं होतं. उलट त्यांचे खांदे सैल झाले. निर्णय घ्यायला कोणीतरी सोबत आहे, याचा तो सुटकारा होता.

मग आम्ही तयारी केली. मी मुलगी झाले, त्या बाई झाल्या. पहिल्यांदा त्यांनी लगेच विचारलं, “काय करतात ते काका?” मी थांबवलं. मुलाच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. आपल्या प्रश्नात उत्तर दडलेलं नको. चार-पाच वेळा केल्यावर वाक्य जमलं: “त्या दिवशी तू मला काहीतरी सांगत होतीस आणि मी नीट ऐकलं नाही. माझं चुकलं. आज माझ्याकडे वेळ आहे.”

दुसऱ्याच दिवशी, वह्यांचा गठ्ठा स्टाफरूमला नेताना, मुलीने त्यांना सगळं सांगितलं. काय ते इथे लिहिण्याचं कारण नाही. वंदनाताई तिच्या उंचीला आल्या, पायरीवर तिच्याशेजारी बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकलं. “तू सांगितलंस हे फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही,” एवढंच बोलल्या. मुलीने विचारलं, “कोणाला सांगणार तर नाही ना?” इथे भलेभले फसतात, प्रेमापोटी वचन देऊन बसतात. वंदनाताईंनी ते दिलं नाही. “जे मदत करू शकतात त्यांना सांगीन. कोणाला सांगणार, ते आधी तुला सांगीन.”

मुख्याध्यापक म्हणाले, आधी संस्थेला विचारू. त्यावर ही घाबरट म्हणवणारी बाई म्हणाली, “सर, तुम्ही विचारा. मी फोन आजच करून राहिली.” मुलीच्या आईला बोलावून घेतलं, तिच्यासमोर फोन झाला. महिला पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत मुलीच्या घरी आल्या आणि तिथेच जबाब घेतला. कायद्यात तसंच सांगितलं आहे. पुढचं न्यायालयात आहे.

या अनुभवानंतर मी प्रशिक्षणाचा क्रमच बदलला. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, तेव्हापासून मी कलम २१ आधी सांगायची: कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. खोली एकदम शांत व्हायची, आणि मला वाटायचं की परिणाम झाला. तो परिणाम भीतीचा होता. आता मी सुरुवात कलम १९ च्या सातव्या उपकलमाने करते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं ते सांगतं. पुरावा गोळा करणं शिक्षकाचं काम नाही, ते पोलिसांचं. आपलं काम ऐकायचं आणि पोहोचवायचं. हे कळलं की माणसं खुर्चीत मोकळी बसतात, आणि मग शिक्षेचं कलमही नीट ऐकतात.

शिक्षकांनी मनात धरावं असं आणखी थोडं. मूल बोललं की त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख-वेळेसह. आपली भाषा घालू नका. मुख्याध्यापकांसमोर, मग पर्यवेक्षकांसमोर, मग आणखी कोणासमोर त्याला तेच पुन्हा सांगायला लावू नका, प्रत्येक वेळी जखम उघडते. ज्याचं नाव आलं त्याला शाळेत बोलावून ‘खरं काय ते’ विचारायला जाऊ नका. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा प्रश्न तर कधीच नको. मुलाला त्यात ‘चूक तुझी’ एवढंच ऐकू येतं.

मुलग्यांचंही सांगते, कारण त्यांचा विषय निघाला की सभागृहात चुळबुळ होते. हा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. मुलगा रडत येऊन सांगेल अशी वाट बघू नका. तो मारामारी करतो, बाक तोडतो, वर्गात वाईट शब्द बोलतो, आणि आपण त्याला बाहेर उभं करतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला आणि अपमान करायला बंदी आहे, ती मला इथे फार महत्त्वाची वाटते. ज्या बाईंनी काल सगळ्यांसमोर कान पिरगाळला, त्यांना तो आज काय सांगणार?

‘मग मुलाच्या पाठीवर हातही ठेवायचा नाही का?’ असंही विचारतात. ठेवा. चारचौघांत, मुलाला आवडत असेल तर.

आणि ज्यांनी असं काही ऐकलं आहे, त्यांनी स्वतःला विसरू नका. रात्री ते शब्द कानात येतातच. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

एक बदल मात्र वंदनाताईंनी करायला लावला. त्यांच्या शाळेत मी दुसरं सत्र घेतलं, तेव्हा त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मावशींसाठी खुर्च्या आणल्या, आणि शिपाई, चौकीदार, ऑटो-व्हॅनवाले सगळ्यांना बसवलं. पहिल्या वेळी मी ते केलं नव्हतं, याची मला खंत आहे. बोलायची पाळी आली तेव्हा एक वयस्क मावशी उठल्या. “मॅडम, कोणतं पोरगं डबा न खाता फेकते, कोणती पोरगी संडासात जाऊन रडते, मले सगळं मालूम आहे. कोणी पुसत नाही, त सांगू कोणाले?”

शिक्षकांच्या रांगेतून कोणी काही बोललं नाही. वंदनाताईंनी वही उघडली, मावशींच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मला सांगा. कोणती पोरगी?”