ठिपके रोबोट उचलतो, मग लेकीने काय शिकायचं?

नमस्कार,

गुहागरहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक रत्नागिरीत बीएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या सहलीत पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जेलमधले प्रथिनांचे ठिपके उचलणारा रोबोट बघून आली आणि आता 'मला हेच करायचंय' म्हणून हटून बसली आहे. तुम्ही विचारता, सगळं यंत्रच करणार तर हिला पगार कोण देणार? शिवाय इंजिनिअरिंगला घातली नाही, ही रुखरुख आहेच.

पगाराचं आधी. जेल म्हणजे ॲक्रिलामाइड गोठवून केलेला पातळ, मऊ थर. तिच्यावर प्रथिनं एका दिशेने विद्युत गुणधर्मानुसार आणि दुसऱ्या दिशेने वजनानुसार वेगळी होतात. ही पद्धत १९७५ पासूनची. रंग दिला की शेकडो ठिपके उमटतात. रोबोट फोटो घेतो, ठिपक्यांच्या जागा ठरवतो आणि पोकळ सुईने एकेक ठिपका कापून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकतो. तिथे ट्रिप्सिन या पाचक विकराने प्रथिनाचे तुकडे करायचे, मग तुकड्यांचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळख पटवायची.

दिसायला सोपं आहे. पण जेल खरवसासारखी थलथलीत. सुकली की आक्रसते, पाण्यात फुगते. फोटोनंतर जरा सरकली तरी सुई शेजारच्या प्रथिनात घुसते. वर कोणाच्या कातडीचा कण पडला असेल, तर यंत्र इमानेइतबारे केराटिन, म्हणजे कातडीचंच प्रथिन, शोधून देतं. कोणता ठिपका उचलण्याजोगा आहे आणि आलेलं उत्तर खरं की कचरा, हे माणसालाच ठरवावं लागतं. पगार त्याचाच.

आता तिला न आवडणारी गोष्ट. ठिपके उचलण्याचं काम हळूहळू मागे पडतंय. बऱ्याच ठिकाणी आता जेल टाळून प्रथिनांचे तुकडे थेट द्रव क्रोमॅटोग्राफीतून (द्रवाच्या प्रवाहात तुकडे वेगळे करून) मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. म्हणून त्या रोबोटवर भाळू नये; नमुना तयार करणं, मास स्पेक्ट्रोमेट्री आणि आकडेवारी वाचणं शिकावं. पायथॉन किंवा आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी एक आतापासूनच हाताशी असू दे. एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम या परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईचे प्रोटिऑमिक्सचे (प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासाचे) धडे फुकट बघता येतात.

इंजिनिअरिंगची रुखरुख सोडा. प्रथिनं लेझरने उडवून मोजण्याच्या कामाबद्दल २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून मिळालेले कोइची तानाका शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पीएचडीही नाही. या क्षेत्रात दोन्हीकडची माणसं लागतात.

लोटेच्या एमआयडीसीतल्या कंपनीत लावू का, असंही तुम्ही विचारलंत. क्वालिटी कंट्रोलमध्ये काम मिळेलही, पण तिथे मुख्यतः रसायनांची तपासणी. प्रथिनांशी गाठ क्वचितच पडेल. घरात पैशांची निकड नसेल तर घाई नको.

त्यापेक्षा या सुट्टीत कॉलेजच्या लॅबमध्येच एक छोटा प्रकल्प करू दे. बांगड्याच्या मांसातून प्रथिनं काढून साधी एसडीएस-पेज जेल (फक्त वजनानुसार प्रथिनं वेगळी करणारी) चालवायची आणि सुमारे १२ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वजनाचं माप) या जागी पार्व्हाल्ब्युमिनची पट्टी दिसते का बघायची. माशांच्या ॲलर्जीला बहुधा हेच प्रथिन कारण असतं. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापकांना तिनेच जाऊन विचारावं, तुम्ही सोबत जाऊ नका. आणि हातमोजे घालायला सांगा. न गोठलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं.

पहिली जेल बहुतेक फाटेल किंवा पट्ट्या वाकड्या येतील. त्यानंतरही ती दुसरी ओतायला बसली, तर एमएस्सीच्या फीची तजवीज करायला लागा.