फ्लॅटहेड व्ही-८ सिग्नलला तापतं

प्रश्न : १९३०च्या फोर्ड मॉडेल एमध्ये १९५०चं फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं आठ सिलिंडरी इंजिन) बसवून जुन्या धाटणीची हॉट रॉड (जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन घालून केलेली गाडी) करतोय. रेडिएटर मूळचाच. हायवेवर ठीक, पण सिग्नलला पाणी उकळतं. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढू का? (एक वाचक, ओहायो)

उत्तर : थर्मोस्टॅट राहू द्या. उभ्या गाडीत तापतं, म्हणजे हवा कमी पडतेय. पंखा रेडिएटरपासून इंचभर अंतरावर आणा आणि भोवती पत्र्याचं कव्हर बसवा. दिसायला नको म्हणून बरेच जण ते टाळतात, पण सिग्नलला तेच तारतं. रेडिएटरही बदलाच, तो ४० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी इंजिनासाठी होता, तुमचं १००चं आहे.

मात्र त्याआधी ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) साफ करा. फ्लॅटहेडमध्ये जळालेला वायू ब्लॉकमधूनच, पाण्याच्या पोकळीला लागून बाहेर जातो. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून तर एकच वाट, त्यामुळे तिथे उष्णता साठते. पाण्याचे दोन्ही पंप आणि हेड (सिलिंडरांवरची झाकणं) उतरवून पोकळीचा तळ तारेने खरवडा. ओतकामाची वाळू आणि गंजाचा चिखल निघेल. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) ते सिलिंडर या पट्टीत चिरा आहेत का, तेही तेव्हाच तपासून घ्या. चीर खोल असेल तर नव्या रेडिएटरचा खर्च वाया जाईल. टायमिंगही बघा : ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन तापतं.