पावसाळ्यातल्या नाईटवर घराचा हप्ता बसेल का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: वय 33, व्यावसायिक विनोदी नाटकात काम, नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, 5,000 रुपये. गेल्या आर्थिक वर्षात 118 प्रयोग झाले. शिवाय टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचे 12 दिवस, दिवसाला 15,000. डोंबिवलीत आईसोबत भाड्याने राहतात. 13,000 भाडं धरून महिन्याचा खर्च 34,000. बँकेत 6 लाखांच्या ठेवी, म्युच्युअल फंडात 3 लाख. 42 लाखांचा रीसेल वन बीएचके पाहिला आहे, 35 लाख कर्ज काढायचं आहे. ‘वर्षाला 7 लाख 70 हजार, म्हणजे महिना 64 हजार. तीस हजारांचा हप्ता झेपेल ना?’

नमस्कार. आत्ता हा फ्लॅट घेऊ नका. वर्षाचा हिशेब तुम्ही बरोबर मांडलात, पण हप्ता वर्षाला नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

तुम्हीच पाठवलेली प्रयोगांची यादी महिनावार लावली. एप्रिल 11, मे 16, जून 6, जुलै 4, ऑगस्ट 7, सप्टेंबर 5, ऑक्टोबर 10, नोव्हेंबर 17, डिसेंबर 15, जानेवारी 12, फेब्रुवारी 9, मार्च 6. सुट्ट्या आणि दिवाळी नाटकाला पोसतात. परीक्षा, पाऊस आणि गणपती उपाशी ठेवतात. जून ते सप्टेंबर मिळून 22 प्रयोग. निर्माता 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतो, त्यामुळे चार महिन्यांत हातात आले 99,000. खर्च झाला 1,36,000. म्हणजे डोक्यावर कर्ज नसतानाही तुम्ही दर पावसाळ्यात 37,000 साठवणीतून मोडता. हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, कारण नोव्हेंबरमध्ये ते भरून निघतं.

आता घर घेतलंय असं धरू. आधी एक चूक दुरुस्त करतो. 42 लाखांच्या घरावर 35 लाख मिळणार नाहीत. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या 80 टक्के आहे, म्हणजे जास्तीत जास्त 33 लाख 60 हजार. उरलेले 8 लाख 40 हजार तुमचे. त्यावर साधारण 7 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 2 लाख 94 हजार, आणि नोंदणीचे 30 हजार. एकूण 11 लाख 64 हजार रोख लागतील. तुमच्याकडे सगळं मिळून 9 लाख आहेत. दलालीचा तर अजून विषयच काढला नाही.

हे पैसे कुठून तरी उभे केलेत असं समजू. 8.5 टक्के दराने 20 वर्षांचा हप्ता साधारण 29,200. सोसायटीचे 3,000. भाडं वाचेल, तरी महिन्याचा खर्च 53,200 वर जातो. त्याच चार महिन्यांत लागतील 2,12,800 आणि येतील 99,000. खड्डा 1,13,800 चा, आणि साठवण तर घरातच गेलेली. अशा वेळी माणूस क्रेडिट कार्डावर हप्ता ढकलतो आणि तिथून गाडी घसरते.

हा झाला नाटक चालू असतानाचा हिशेब. नाटक बंद पडलं तर नवं उभं राहीपर्यंत महिना-दीड महिना तालमी, त्यांचे पैसे नाममात्र, आणि नवं नाटक वीस प्रयोगांतच गुंडाळलं जाणार नाही याची हमी कोण देणार? घसा बसला तर नाईट नाही. नाट्यगृहांचाही भरवसा धरू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत गेलं. मार्च 2020 मध्ये पडदे पडले, मधल्या काळात निम्म्या खुर्च्यांवर थोडे दिवस उघडले, पुन्हा बंद झाले आणि परत उघडायला ऑक्टोबर 2021 उजाडला. म्हणून तुमच्यासाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं ही चैन नाही. घर घेतल्यानंतरच्या खर्चाने ती रक्कम 3 लाख 20 हजारांच्या घरात जाते आणि ती घराच्या पैशांत मोजायची नाही.

पुढच्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्याचे साडेतीन लाखही तुम्ही पत्रात धरले आहेत. व्हिसा लागून आगाऊ रक्कम खात्यात येईपर्यंत तो आकडा पेन्सिलीनेच लिहा. टीव्हीचे पैसेही काम झाल्यावर तीन-तीन महिन्यांनी येतात, ते कुठल्याच महिन्याच्या खर्चाला जोडू नका.

मग करायचं काय? रंगीत तालीम. घर घेतल्यावर जो जादा बोजा पडेल, तो 19,200 चा. तेवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. सुरुवात जूनमध्ये करा. बहुतेक जण नोव्हेंबरमध्ये करतात, खिसा गरम असताना, आणि मार्चपर्यंत आपल्याला सगळं जमतं असं वाटतं. जुलैचा हप्ता उसनवारी न करता, ठेवी न मोडता भरलात, तर तुमचं तुम्हालाच उत्तर मिळेल. नाही जमलं तरी दंड नाही आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डागही नाही. वर्षभर टिकलात तर 2 लाख 30 हजार आणि वर थोडं व्याज जमेल.

ही तालीम सोपी करणारी एक गोष्ट तुमच्याच कागदांत पडून आहे. तुमचा वर्षाचा टीडीएस 77,000 कापला गेला. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणजे हे सगळे पैसे परत यायला हवेत. तुम्ही विवरणपत्र शेवटच्या दिवशी भरता आणि परतावा दिवाळीच्या तोंडावर येतो, जेव्हा त्याची गरज नसते. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस निर्मात्याने मे अखेरपर्यंत दाखवायचा असतो. जूनच्या मध्यावर 26एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडून प्रत्येक नाईटची कपात आली आहे का बघा आणि लगेच विवरणपत्र भरा. पॅनचा एक आकडा चुकीचा पडल्यामुळे पैसे अडकलेले कलाकार कमी नाहीत, तेव्हा हे दर तिमाहीला तपासलेलं बरं. परतावा वेळेत आला तर पावसाळ्याचा मोठा भाग तिथेच निघतो.

कर शून्यच आहे, तर खर्च फुगवून नफा कमी दाखवू नका. प्रयोग संपून शेवटची लोकल गेल्यावर केलेल्या टॅक्सीची पावती जरूर लावा, पण ओढूनताणून काही नको. बँक कर्ज ठरवताना दोन-तीन वर्षांच्या विवरणपत्रातला निव्वळ नफाच बघते.

तालीम जमली की 30 लाखांच्या आतलं घर बघा, अंबरनाथ-बदलापूरकडे का होईना. 24 लाखांच्या कर्जाला हप्ता 20,800 च्या आसपास बसेल. कर्ज साधं घेऊ नका, ओव्हरड्राफ्ट खातं जोडलेलं घ्या. बदलत्या व्याजदराच्या साध्या कर्जात दिवाळीच्या कमाईतून जादा भरणा केला तर दंड नाही, पण ते पैसे जुलैमध्ये परत मागता येत नाहीत. ओव्हरड्राफ्टवाल्यात नोव्हेंबरचे 50 हजार तिथे ठेवलेत की तेवढ्यावरचं व्याज थांबतं आणि गरज पडली की काढताही येतात. दर थोडा जास्त असू शकतो. पगारदाराला मी हे कर्ज सहसा सुचवत नाही, तुम्हाला मात्र हेच.

आणि घराआधी अपघात विमा. रात्री दीडला प्रयोग आटोपून बसने पुढच्या गावाला जाणाऱ्या माणसाकडे तो नसावा, याचं आश्चर्य वाटलं. घेताना तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम देणारं कलम आहे ना, एवढं वाचून घ्या. पाय प्लास्टरमध्ये असताना नाईट कुणी देत नाही.