व्हायोलाच्या विद्यार्थ्यांना बाखचे स्वीट कोणत्या क्रमाने द्यावेत?

नवशिके, मध्यम तयारीचे आणि पुढे गेलेले असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी हाताखाली असताना जर्मन संगीतकार बाखच्या सहा स्वीटपैकी (स्वीट म्हणजे नृत्यरचनांची मालिका) कोणाला कोणता द्यावा, असे आपण विचारले आहे. मी व्हायोला (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) शिकवते आणि माझे ठाम मत असे की, स्वीटचा क्रमांक न पाहता त्यातील एकेक नृत्य सुटे करून, विद्यार्थ्याच्या गजाची तयारी पाहून ते द्यावे.

या रचना मुळात चेलो या त्याहूनही मोठ्या वाद्याच्या आहेत. व्हायोलाच्या चारही तारा चेलोच्या तारांपेक्षा एक सप्तक वर लागत असल्याने या रचना व्हायोलावर सहज वाजवता येतात. पहिल्या, जी मेजर (जी हा आधारस्वर असलेल्या) स्वीटचे प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, प्रत्येकाने ऐकलेले असते आणि प्रत्येकाला तेच आधी हवे असते. तरीही मी ते सुरुवातीला देत नाही. त्यात स्वरांची धाव जवळजवळ अखंड असल्याने गजाला विसावा नाही, तारा सतत बदलाव्या लागतात आणि शेवटी वरच्या जीपर्यंत चढताना हात पहिल्या पोझिशनमधून (तारेवरच्या सुरुवातीच्या जागेवरून) हलवावाच लागतो. शिवाय बाखच्या हातची प्रत उरलेली नाही आणि पत्नी आना माग्डालेना यांच्या प्रतीतील स्लर (एका गजात घ्यायचे स्वर जोडणाऱ्या खुणा) जागोजागी संदिग्ध आहेत. त्यामुळे किती स्वर एका गजात घ्यायचे, हे वाजवणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि तो निर्णय नवशिक्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. त्याला त्याच स्वीटमधील मिन्युएट ही नृत्ये द्यावीत. आपल्याकडे अनेक जण व्हायोलिनकडून व्हायोलाकडे येतात. अल्टो क्लेफ (व्हायोलाच्या स्वरलेखनाची खूण) वाचण्याची सवय त्यांनाही इथेच शांतपणे लावता येते.

मध्यम विद्यार्थ्यांसाठी तिसऱ्या, सी मेजर स्वीटमधील बूरे हे नृत्य उत्तम, कारण मोकळ्या सी तारेचा नाद त्या स्वरांना सतत आधार देतो. त्यानंतर दुसऱ्या स्वीटचे प्रेल्यूड घ्यावे. त्याच्या अखेरच्या पाच मात्राखंडांत केवळ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) लिहिलेले आहेत. ते तसेच धरावेत की उलगडावेत, यावर विद्यार्थ्याशी जरूर बोलावे.

उरलेले तीन पुढे गेलेल्यांसाठी. चौथा स्वीट ई फ्लॅट मेजरमध्ये असल्याने मोकळ्या ए तारेचा आधार सुटतो आणि प्रेल्यूडमध्ये लांब उड्या येतात. पाचव्यात मूळ लेखनाप्रमाणे ए तार जीपर्यंत उतरवायची असते, मात्र नेहमीच्या जुळणीसाठी केलेल्या आवृत्त्याही मिळतात. या पाचव्या स्वीटमधील साराबांद या संथ नृत्यात एकही कॉर्ड नाही. बोटांना ते सोपे आहे, पण ज्याचा सूर पक्का झालेला नाही, त्याला ते देऊ नये. सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी लिहिलेला असल्याने व्हायोलावर बहुधा जी मेजरमध्ये उतरवून वाजवतात आणि तो अर्थातच शेवटी येतो.

पुढे गेलेल्यांना केवळ बाखवर थांबवू नये. जर्मन संगीतकार माक्स रेगर यांचे एकट्या व्हायोलासाठीचे तीन स्वीट १९१५ मधले आहेत आणि बाखनंतर लगेच घेतले तर त्यांची घडण चटकन उमगते. इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी व्हायोलावादक लायोनेल टर्टिस यांच्यासाठी लिहिलेल्या १९३४ च्या स्वीटमध्ये आठ तुकडे आहेत. त्यातील संथ ‘कॅरोल’ मध्यम विद्यार्थ्यालाही झेपते, अखंड धावणाऱ्या ‘मोटो पर्पेच्युओ’ला मात्र बरीच वर्षे थांबावे.