वाचकांचे प्रश्न : सातवी विंडो उघडतच नाही

प्रश्न : नोंदींचा एक डॅशबोर्ड मी तयार केला असून, एका विंडोत नोंद बदलली की बाकीच्या विंडोंतही ती आपोआप बदलावी यासाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरने उघड्या कनेक्शनवरून ब्राउझरला स्वतःहून संदेश पाठवण्याची सोय) वापरले आहेत. एरवी सारे सुरळीत चालते. पण सहा विंडो उघड्या असताना सातवी उघडली की ती नुसती फिरत राहते आणि आधीची एखादी बंद करताच लगेच उघडते. सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही. शिवाय बराच वेळ मागे राहिलेल्या विंडोत कधीकधी जुनीच माहिती दिसते.

उत्तर : दोषाचे नाव तुमच्या प्रश्नातल्या आकड्यातच आहे. एचटीटीपी १.१ वर, म्हणजे ब्राउझर व सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या जुन्या पद्धतीवर, ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण ६ च कनेक्शन उघडतात आणि ही मर्यादा प्रत्येक टॅबला वेगळी नसून संपूर्ण ब्राउझरला मिळून असते. साधी विनंती क्षणात संपते, त्यामुळे ही मर्यादा एरवी जाणवत नाही. इव्हेंटसोर्सचे, म्हणजे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स ऐकणाऱ्या ब्राउझरमधल्या सोयीचे, कनेक्शन मात्र विंडो उघडी असेपर्यंत धरलेले राहते, आणि सहा विंडोंनी सहाही जागा अडवल्या की सातव्या विंडोचे पानसुद्धा मागवता येत नाही. ती विनंती ब्राउझरच्या बाहेरच पडत नसल्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये तिचा मागमूस नसतो. खात्री करून घ्यायची असल्यास सातवी विंडो दुसऱ्याच ब्राउझरमध्ये उघडून पाहा. तिथे ती तत्काळ उघडली, तर सर्व्हरचा कोड तपासण्यात वेळ घालवू नका.

यावर सरळ उपाय म्हणजे याच पद्धतीची पुढची आवृत्ती, एचटीटीपी २. त्यात एकाच कनेक्शनवर अनेक प्रवाह एकत्र चालतात आणि त्यांची संख्या ब्राउझर व सर्व्हर आपसांत ठरवतात. ती सहसा १०० किंवा त्याच्या आसपास असते. ब्राउझर मात्र एचटीटीपी २ फक्त एचटीटीपीएसवरच (सांकेतिक, सुरक्षित कनेक्शनवरच) वापरतात, त्यामुळे स्वतःच्या संगणकावर साध्या एचटीटीपीने चालवलेल्या डेव्हलपमेंट सर्व्हरवर हा दोष दिसत राहतो आणि प्रत्यक्ष साइटवर तो नाहीसा होतो. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रोटोकॉलचा रकाना सुरू केल्यास काय वापरले जात आहे ते लगेच कळते. ज्यांना एचटीटीपी २ शक्य नाही, त्यांनी एकाच विंडोकडे कनेक्शन ठेवून आलेले संदेश ब्रॉडकास्टचॅनेल या, एकाच साइटच्या विंडोंना आपसांत संदेश देऊ देणाऱ्या ब्राउझरमधल्या सोयीने इतर विंडोंना पोहोचवावेत. ती विंडो कोणती, हे वेब लॉक्सने (एका वेळी एकाच विंडोला हक्क देणाऱ्या ब्राउझरमधल्या कुलपाने) ठरवणे उत्तम, कारण लॉक धरणारी विंडो बंद झाली की तो आपोआप सुटतो आणि रांगेतल्या पुढच्या विंडोला मिळतो. केवळ या अडचणीसाठी वेबसॉकेटकडे (दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या कनेक्शनकडे) वळण्याचा सल्ला मी देणार नाही. त्याची कनेक्शनची मर्यादा बरीच मोठी असली, तरी तुटलेले कनेक्शन पुन्हा जोडण्याचे काम, जे इव्हेंटसोर्स स्वतःहून करतो, ते तिथे तुमच्या गळ्यात पडते.

जुन्या माहितीची गोष्ट निराळी आहे. संगणक झोपी गेला की कनेक्शन तुटते. जागा झाल्यावर इव्हेंटसोर्स ते पुन्हा जोडतो खरा, पण मधल्या काळातले संदेश परत मिळवायचे तर सर्व्हरने प्रत्येक संदेशाला आयडी दिलेला असावा लागतो. तो आयडी ब्राउझर पुन्हा जोडताना लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) परत पाठवतो, आणि त्यापुढचे राहिलेले संदेश देणे ही सर्व्हरची जबाबदारी ठरते. एवढा खटाटोप नको असल्यास कनेक्शन जुळल्यावर आणि विंडो पुन्हा दिसू लागल्याचा व्हिजिबिलिटीचेंज इव्हेंट आल्यावर सर्व नोंदी सर्व्हरकडून नव्याने मागवाव्यात. डॅशबोर्डसाठी मला हेच अधिक भरवशाचे वाटते. स्क्रीनवर बदल रेखाटण्यासाठी रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम हे जावास्क्रिप्टचे फंक्शन वापरले असेल, तर तेही तपासा, कारण दडलेल्या टॅबमध्ये ते थांबते आणि संदेश येऊनही चित्र जुनेच राहते. सेटइंटरव्हल या जावास्क्रिप्टच्या टायमरने ठरावीक वेळाने माहिती मागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की क्रोम ८८ पासून पाच मिनिटांहून अधिक काळ मागे असलेल्या टॅबमधला असा टायमर मिनिटाला एकदाच चालू शकतो.

प्रश्न : लोकलस्टोरेजमध्ये (साइटची माहिती ब्राउझरमध्येच साठवण्याच्या जागेत) बदल केल्यावर त्याची सूचना देणारा स्टोरेज इव्हेंट येतच नाही. असे का?

उत्तर : ज्या विंडोने बदल केला तिला तो इव्हेंट मिळत नाही, फक्त इतरांना मिळतो, म्हणून एकाच विंडोत चाचणी घेणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. तीच किंमत पुन्हा लिहिली, तरीही इव्हेंट येत नाही. याशिवाय दोन्ही विंडोंच्या पत्त्याचा सुरुवातीपासून पोर्टपर्यंतचा भाग तंतोतंत एक असला पाहिजे : एकीत लोकलहोस्ट आणि दुसरीत १२७.०.०.१ लिहिले असेल, तर ब्राउझरच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या साइट आहेत.

प्रश्न : सर्व्हरवर प्रोग्रॅमची एकाऐवजी चार प्रोसेस (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र प्रती) सुरू केल्यापासून काही विंडोंनाच बदल कळतात आणि शांत वेळेत दर मिनिटाला कनेक्शन तुटते.

उत्तर : जोडलेल्या विंडोंची यादी प्रत्येक प्रोसेस स्वतःच्या मेमरीत ठेवते, त्यामुळे एका प्रोसेसकडे आलेला बदल उरलेल्या तिघींच्या विंडोंपर्यंत जात नाही. प्रत्येक संदेशासोबत प्रोसेसचा क्रमांक लॉगमध्ये छापलात, की हे डोळ्यांनी दिसेल. रेडिससारख्या (सर्व प्रोसेसना वापरता येणाऱ्या, मेमरीत माहिती ठेवणाऱ्या स्वतंत्र सर्व्हरसारख्या) सामाईक ठिकाणी संदेश प्रसारित करून चारही प्रोसेसनी तो तिथून ऐकावा. मिनिटाने तुटणारे कनेक्शन हा बहुधा मधल्या प्रॉक्सीचा, म्हणजे ब्राउझर आणि तुमचा सर्व्हर यांच्यामध्ये बसून विनंत्या पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रताप आहे. एनजिनएक्स या प्रचलित प्रॉक्सीमध्ये मागच्या सर्व्हरकडून काहीच न आल्यास ६० सेकंदांनी कनेक्शन तोडण्याची मूळ व्यवस्थाच असते. दर १५–२० सेकंदांनी विसर्गचिन्हासारख्या दिसणाऱ्या कोलनने सुरू होणारी एक ओळ पाठवत राहा. ब्राउझर ती टिप्पणी समजून सोडून देतो. आणि संदेश घोळक्याने येत असतील, तर त्याच प्रॉक्सीचे बफरिंग (संदेश साठवून एकदम पुढे पाठवणे) बंद करा.