धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला कोणी गेलंय का? तिथे बघण्यासारखं काय आहे? व्हिडिओ करायचा विचार आहे.

गेलोय, एकदाच, तेही कामाने. खतांच्या वसुलीला होतो, तेव्हा पिंपळनेरकडचे दुकानदार माझ्याकडे होते. बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साक्री तालुक्यातल्या या गावात १ जुलै २०१८ ला, रविवारच्या आठवडे बाजारात, पोरं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जिवानिशी मारलं. नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक तिकडे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. गावोगाव भिक्षा मागत फिरणारी माणसं. मारणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली. पण पोरं पळवणारी टोळी आलीय असा जो मेसेज तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, तो पहिल्यांदा टाइप कोणी केला, ते नाव मी कुठल्याच बातमीत वाचलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केलं, भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. आकडा तेवढाच, योगायोग.

मी गेलो तोही बाजाराचाच दिवस. चिखल, सुकट-बोंबलाचे ढीग, ताडपत्रीवर प्लास्टिकच्या चपला. माझ्या खांद्याला बॅग, हातात पावतीपुस्तक. टपरीवर चहा सांगितला. म्हाताऱ्या बाबांनी ग्लास पुढे करता करता विचारलं, "कोठला शेतस भाऊ?"

आपल्याकडे हा प्रश्न दिवसातून दहादा होतो. त्या दिवशी मात्र घशाला कोरड पडली. "धुयाना शे," म्हणालो, आणि कोणी विचारलं नसताना मामाचं गाव, दुकानदाराचं नाव, कुठल्या गाडीने आलो, सगळं अहिराणीत ओकून टाकलं. बाबा आपले दूध ढवळत "हां, हां" करत होते. त्यांच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. मी तेव्हा हिशोब करत होतो, की मंगळवेढ्याच्या माणसाला यातलं एक वाक्य तरी इथल्या बोलीत सांगता आलं असतं का.

ती खोली कुठली, मी विचारलं नाही. फोटोही काढला नाही.

व्हिडिओचं म्हणाल तर, अनोळखी माणूस, आठवडे बाजार, आजूबाजूला लोकांची लहान पोरं, आणि तुमच्या हातात त्यांच्याकडे रोखलेला मोबाइल. जायच्या आधी एवढं एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.